देवमाशावरचं भांडण

मोरीतांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. शिमग्याच्या सुमारास आलेलं पत्र गणपती झाले तरी टेबलावरच होतं.

मोरीता जपानी, माझ्याच वयाचे. एका कारखान्याच्या कामासाठी आले असताना नागावला आमच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले होते. दोघेही कमी बोलणारे, म्हणून जमलं.

त्यांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या देवमाशाची शिकार होते. नव्या वर्षाच्या जेवणात त्यांनी ते मांस वाढलं आणि मुलगी युको ताटावरून उठली. ती शहरात राहते; तेव्हापासून दोघं पत्रांतून भांडतात. ती म्हणते, तरुण माणसं हे खातच नाहीत, मांस शीतगृहात पडून राहतं आणि तुमच्या हट्टापायी एवढा मोठा जीव तडफडून मरतो. ते म्हणतात, युद्धानंतरच्या उपासमारीत याच मांसानं आम्हाला वाढवलं. गाय खाणाऱ्या परदेशी लोकांचं ऐकून तू बापाला शिकवू नकोस. शेवटी त्यांनी मला विचारलं होतं, "परवाचं तिचं पत्र पाकिटात मावत नव्हतं. मी थकलो. गप्प बसू का? तुम्ही पुस्तकं वाचता, तुम्ही सांगा."

शाळेच्या ग्रंथालयात कारकुनी केलेल्या माणसाला यातलं काय कळणार? पण उत्तर त्यामुळे अडलं नव्हतं. मी जळत होतो. बापाला चुकीचं ठरवण्यासाठी कुणाची मुलगी आकडे शोधते, रागानं पानंच्या पानं भरते. माझा निकेत पनवेलहून फोन करतो, "हो बाबा, बरोबर आहे बाबा" म्हणतो आणि ठेवून देतो.

"गप्प बसा, तेच बरं," असं मी एकदा लिहूनही ठेवलं. आमच्या घरातली शांतता त्यांच्याही घरी जावी, असं मला वाटत होतं.

रविवारी निकेत आला. जेवताना मी विचारलं, "जपानी लोकांनी देवमासा खावा का रे?"

त्यानं मोबाईलवरून मान वर केली. "खाऊ देत ना बाबा."

"त्यांच्यातलेच कितीतरी म्हणतात, वाईट आहे."

"मग नको खाऊ देत."

"मी म्हणतो, खावा." मी आवाज चढवून पाहिला. "मिळाला तर मी घरी आणीन."

"आणा की. तुम्हाला आवडत असेल तर."

माझी बायको हेमांगी भात वाढता वाढता थांबली. "कंच्या टोपात शिजवू त्यो? नावातच देव हाय त्याच्या. मेलेला किनाऱ्याला लागला व्हता, तवा बायांनी हळदकुंकू वाहिलं. माझ्या चुलीवर न्हाय चढायचा."

"बघ, तुझी आई भांडतेय," मी आशेनं म्हणालो.

"आई, बोंबील मस्त झालेत," निकेत म्हणाला आणि पुन्हा मोबाईलकडे वळला.

तो गेल्यावर मी आधीचा कागद फाडला. लिहिलं: "खावं की नाही, मला ठरवता येत नाही. युकोचं वाचलं की तिचं पटतं, तुमचं वाचलं की तुमचं. पण गप्प बसू नका. मला तुमचा हेवा वाटतो." शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. राहू दिलं.

पोस्टातल्या कल्पितानं पाकीट उलटसुलट पाहिलं. "काका, जपानला कोन हाय तुमचं?"

"ओळखीचे आहेत. बापलेकीचं भांडण चाललंय त्यांच्याकडे."

"मिटवायला लिवलंत व्हय?"

"नाही."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.