ताकदीची बाटली

कॅल्शियम म्हणजे ताकद, असं आमच्या पिंपळीत ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, तो मला एकदा भेटायला हवा. त्याला चांगला फैलावर घेणार आहे.

अम्मीची गाय चांदी व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. कान गार, मान पोटाकडं वळलेली. अम्मीनं तिला वासरू असल्यापासून हातानं वाढवलेलं. सकाळपासून अम्मी गोठ्यातून हलली नव्हती, पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हती. मी पुण्याहून सुट्टीला आलेले. प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींवर काम करते, म्हणून घरात 'डॉक्टरीणबाई' अशी चेष्टा होते. ऐकत मात्र कुणी नाही.

बारामतीहून जनावरांच्या डॉक्टर प्रगती मॅडम आल्या. व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलंय, म्हणाल्या. मानेच्या शिरेत सुई घालून त्यांनी कॅल्शियमची बाटली लावली, नळीवरचं चाक फिरवून धार अगदी बारीक ठेवली आणि स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला.

"ठोके ऐकत राहा. मी गाडीतनं दुसरं औषध आणते. बाटलीला कुणी हात लावायचा नाही."

"आपा, लई हळू जातंय गं," माझा धाकटा भाऊ शाहिद म्हणाला.

"हळूच जायला पाहिजे. हृदयाच्या पेशीत दर ठोक्याला थोडं कॅल्शियम येतं आणि परत जातं. पेशीच्या आत माइटोकॉन्ड्रिया असतात, आपल्या माळेगावच्या कारखान्यातल्या बॉयलरसारख्या. त्यांच्या दारातून थोडंसंच कॅल्शियम आत जातं. त्यावरून त्यांना कळतं, की आता जोर लावायचा. पण लोंढाच आला तर दार आवरत नाही. त्या फुगतात, फुटतात, पेशी मरते."

"व्हय, व्हय."

मी पुन्हा कान लावला. ठोका. ठोका. मग काहीच नाही. मान वर करून बघते तर शाहिदचा अंगठा नळीच्या चाकावर, आणि बाटलीत बुडबुड्यांची रांग.

"शाह्या, मेल्या, बंद कर!"

"अगं, ताकदच जातीय की!"

मी त्याला ढकललं आणि चाक आवळलं. कानात नुसती शांतता. मग एक ठोका आला, अडखळत दुसरा.

मॅडम धावत आल्या. ठोके सावरेपर्यंत त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला नाही. मग पुन्हा थेंबथेंब सुरू केलं. निम्म्या बाटलीवर चांदीनं अंग थरथरवलं, शेण टाकलं आणि उभी राहिली. मॅडम निघून गेल्या.

गोठ्यात शेजारी जमले. शाहिद छाती काढून सांगत होता, "म्या चाक सोडलं म्हणून उठली! आपानं तर बंदच केलं हुतं."

"पोरगं हुशार हाय," हिंदुराव आबांनी त्याची पाठ थोपटली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अम्मी तिथंच उभी होती, तिनं सगळं बघितलं होतं. मी तिच्याकडं पाहिलं. आता तरी बोल.

"उरलेली बाटली कपाटात ठिव," ती मला म्हणाली. "म्होरल्या बारीला शाहिदच लावंल. मॅडमला कशाला तरास?"

मी बाटली उचलली आणि सगळ्यांदेखत उकिरड्यावर उपडी केली.

शाहिदनं चाक सोडलं तेव्हा अम्मी त्याला चकार शब्द बोलली नव्हती. आता ती माझ्या अंगावर धावून आली.

"समदी ताकद सांडलीस की गं! इतकं शिकून हेच शिकलीस व्हय?"