बोडक्या बाभळी

सिंधूनं आकडीची काठी वर खुपसून हिसका दिला, तसा बाभळीचा शेवटचा डहाळा काट्यांसकट तिच्या अंगावर आला. मनगटावर रक्त उमटलं. ते लुगड्याला पुसून तिनं डहाळा खोपीकडं ओढत नेला आणि लिंबाखालच्या ढिगावर टाकला. बांधावरच्या सगळ्या बाभळी तिनं सकाळपासून बोडक्या केल्या होत्या.

"झाडांची हजामत करायला निघालीस व्हय गं?" बयाबाई, तिची सासू, झोळीतल्या तान्ह्या बिरूला झोका देत म्हणाली.

"उद्या म्हणत व्हते, पर आजच औषाद मारत्यात, आत्याबाई. शेजारच्या जयसिंगआप्पाचा गडी पंप धुताना मी बघितला. पाल्यावर इख पडल्यावर शेरडी काय खाईल? आन् बिरू काय पिईल?"

बयाबाईचा झोका थांबला.

तापात सिंधूचं दूध आटलं ते आटलंच. डब्याचं दूध बिरूच्या पोटात ठरेना. शेळीचं तेवढं ठरलं. नवरा शिक्रापूरला कंपनीत. इथं भीमेचा काठ वाळून कोळ झालेला. शेळीला हिरवं म्हणून उरल्या होत्या त्या बाभळी, आणि खोपीवरचा हा उंच लिंब.

वळवाचा शिडकावा झाला तसे जमिनीतून भुंगेरे निघाले होते. दिवस मावळला की ते बाभळीवर बसत, पाला कुरतडत आणि मग जयसिंगच्या रानात उतरून अंडी घालत. त्या अंड्यांतून निघालेली हुमणी उसाची मुळं खाई.

आजही ते आले. बोडक्या बाभळींभोवती घोंघावले, टेकायला पान शोधत राहिले. मग सगळा थवाच लिंबाकडं वळला. सिंधू खोपीच्या दारात उभी राहून बघत होती. फांद्या काळ्या होत गेल्या.

तेवढ्यात जयसिंग गड्यांना घेऊन बांधावर आला. गड्यांच्या हातांत काठ्या होत्या, जुनी लुगडी होती, रॉकेलच्या पाण्याची घमेली होती. एकाच्या पाठीवर पंप.

"बाभळींचं हे कुणी केलं?"

"म्या," सिंधू म्हणाली.

जयसिंगनं टोपी काढली आणि बांधावर बसकण मारली.

"अगं पोरी, बाभळीला औषाद लावणारच नव्हतो. बुटकी झाडं. काठीनं हलवली की पटापटा खाली पडत्यात. पंप आणला तो माझ्या मळ्यातल्या उंच झाडांसाठी. आता तू समदे उचलून ह्या लिंबावर बसवलेस. ह्याला काठी कशी पुरायची?"

सिंधूची नजर पाल्याच्या ढिगावर गेली. ढीग फार तर दोन-चार दिवस पुरणार होता. त्यानंतर शेळीला हा लिंबच होता.

"आप्पा, ह्याच्यावर नका मारू. लेकरू शेरडीच्या दुधावर हाय."

जयसिंगनं मागं हात घालून उसाचं एक बेट धरलं. जोर लावावा लागलाच नाही. बेट उपटून हातात आलं. खाली मूळ नव्हतं.

"मी काय करू, सांग."

तिनं एकदा उसाकडं बघितलं, एकदा झोळीकडं. मग बिरूला उचललं आणि जयसिंगच्या हातात दिलं. त्यानं घेतला, कारण घेतला नसता तर तो पडला असता. सिंधूनं लुगडं वर खोचलं.

"पडशील, बये!" गडी ओरडला.

"सिंधे, बुंध्याला धरून जा. वाळल्या फांदीवर पाय टाकू नगं," म्हणत बयाबाईनं खोपीतली घोंगडी आणून झाडाखाली अंथरली.

सिंधू चढली. फांदीला मिठी मारून तिनं सगळं अंग हलवलं. घोंगडीवर गारा पडाव्यात तसे भुंगेरे पडू लागले. तिच्या केसांत शिरले, चोळीत शिरले. खाली बयाबाई ओंजळीओंजळीनं ते घमेल्यात लोटत होती. एक फांदी झाली. वर अजून कितीतरी होत्या, आणि उजेड चालला होता.

"आप्पा, असं सकाळपर्यंत उरकायचं न्हाई," गडी म्हणाला. "पंप चालू करू का?"

जयसिंगनं वर फांद्यांकडं बघितलं. बिरू त्याच्या सदऱ्याचं बटण तोंडात धरून ओढत होता. दूध येईना, तशी त्यानं मान मागं टाकली आणि टाहो फोडला. जयसिंगला त्याला कसं धरावं ते कळेना.

"पंप ठेव खाली," शेवटी तो म्हणाला. "आधी कुणीतरी शेरडी पिळा."

वर सिंधूला थोड्या वेळानं तांब्यात पडणाऱ्या धारेचा आवाज आला. ती पुढच्या फांदीकडं सरकली.