पाठच्या भिंतीतला झरोका

दिवाळी सरली की हिवरखेडात पहाटे अंगणात पाय टाकवत नाही. यंदा सूर्यभानला थंडीशी दोन हात करणं भागच होतं. लेक रागिणी अकोल्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, आणि बारा दिवसांची नात घेऊन ती माहेरी येणार होती. सुभद्रा असती तर याला काडी हलवावी लागली नसती. पण ती पोळ्याआधीच तापानं गेली, आणि अडुसष्टाव्या वर्षी गडी एकटाच घराची तयारी करायला लागला.

त्यानं गाद्यांचा कापूस पिंजून आणला, टिनांच्या फटीत पोत्याचे तुकडे कोंबले, न्हाणीच्या चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या. मागच्या मातीच्या खोलीत बाळंतिणीची बाज टाकली. राहिला तो पाठच्या भिंतीतला झरोका, लोटा जाईल एवढा.

या झरोक्यावरून नवरा-बायकोत अडतीस वर्षं वाजत होतं. त्यांचं पहिलं लेकरू, मुलगा, याच खोलीत पौषातल्या एका सकाळी बाजेवर निपचित सापडलं होतं. सुभद्रालाही दुपारपर्यंत शुद्ध नव्हती. आदल्या संध्याकाळी सूर्यभाननं स्वतःचं उपरणं बाहेरून झरोक्यात गच्च कोंबलं होतं, आणि सकाळी पाहतो तर झरोका मोकळा. म्हणजे बायकोनंच ते रात्री काढलं आणि लेकराला वारं लागलं, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो म्हणायचा, "तुह्या भोकानं माहं लेकरू खाल्लं." सुभद्रा खाली मान घालून सारवत राहायची. सगळं घर लिंपायची, तेवढा झरोका सोडून.

आता अडवायला कोणी नव्हतं. सूर्यभाननं झरोक्यात चिंध्या ठोसल्या आणि समाधानानं झोपला. सकाळी चिंध्या खाली ठेवलेल्या होत्या. पडलेल्या नव्हत्या, ठेवलेल्या होत्या, चौकोनी घड्या घालून. तळाशी एक पिवळं पडलेलं लाल काठाचं उपरणं होतं. ते आपण कोंबल्याचं त्याला काही आठवेना. गाठोड्यातून आलं असेल, असं म्हणून त्यानं ते खुंटीला अडकवलं. पण खोलीतून बाहेर येताना त्यानं पाठ झरोक्याकडे केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं माती कालवली, कुटाराचा भुसा मिसळला आणि झरोका लिंपून टाकला. घराला आतून कडी होती, घरात दुसरं माणूस नव्हतं. तरी सकाळी त्या मातीचा गोळा बाजेखाली होता. ओल्या गोळ्यावर बोटं उमटली होती. तीन पुरी आणि करंगळी अर्धी. सुभद्राची करंगळी कडबा कापायच्या यंत्रात अर्धी गेली होती.

सूर्यभानला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण भीतीपेक्षा त्याचा राग मोठा, तो आधीपासूनच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची तर मेल्यावरही जायला तयार नव्हती. एक लेकरू खाऊन हिचं पोट भरलं नाही, आता नातीवर डोळा, असं तो मोठ्यानं बोलला आणि बाहेरून वीट बसवून वरून सिमेंट थापलं.

वीट टिकली. दुसऱ्या दिवशी दुपारी रागिणी लेकीला घेऊन आली. खोली इतकी ऊबदार की तिनं बापाचं कौतुक केलं, आणि बापाची छाती फुगली. दिवेलागणीला शेजारच्या माणिकबाई आल्या. सुभद्राच्या जुन्या मैत्रीण, बाळंतिणीचं करण्यात हात बसलेला. त्यांनी बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवली, ओवा टाकला, दार लोटलं आणि भाकरी टाकायला घरी गेल्या. दाराखाली फट राहिली होती. सूर्यभाननं तिथं पोतं सरकवलं.

तो अंगणात गोवऱ्या झाकत होता. मागच्या भिंतीवरून थाप ऐकू आली. थप, थप, थप. भिंत सारवताना पडते तशी, बिनघाईची. तो कंदील घेऊन मागं गेला. कोणी नव्हतं. कोरड्या सिमेंटवर ओल्या मातीचा हात उमटला होता, अर्ध्या करंगळीचा. तो पाहत असतानाच त्याच्या बाजूला दुसरा उमटला.

त्याला वाटलं, ही वीट आत ढकलते आहे. वीट आतून धरावी म्हणून तो धावला. पोतं लाथेनं उडवून त्यानं दार उघडलं. वीट जागच्या जागी होती. रागिणीची मान बाजेवरून लोंबत होती, हाक मारली तरी हलेना. नात तिच्या कुशीत गप्प होती.

त्यानं आधी नातीला बाहेर आणलं, मग लेकीला काखेत हात घालून ओढत आणलं. थंडगार वाऱ्यात दोघींना अंगणातल्या बाजेवर टाकून तो नातीचे तळपाय चोळत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती बारीक आवाजात रडली, आणि सूर्यभानही रडला. रागिणी ओकली, पाणी मागू लागली.

रडणं ऐकून माणिकबाई धावत आल्या. दवाखान्यात न्यायला जीप सांगितली, मग कंदील उचलून झरोक्याकडं गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"भाऊजी, तुमी पुन्हा थेच केलं. मले वाटलं झरोका मोकळाच असन," त्या म्हणाल्या. "त्या साली उपरणं सुभद्रानं नव्हतं काढलं. सकाळी म्या उपसलं होतं. खोलीत शेगडीतल्या इस्त्याची वाफ कोंडली होती. तिले समदं मालूम होतं."

सूर्यभान म्हणाला, "मले काहून नाई सांगतलं?"

"सुभद्रा म्हने, त्याले कळलं तं थो जगनार नाई. त्याले मले बोल लावू दे, म्हने, मी ऐकून घेईन."

दवाखान्यातून दोघी सुखरूप परत आल्या, त्या दिवशी सूर्यभाननं पहारीनं वीट फोडली. मग खुंटीवरचं उपरणं घेऊन झरोक्यासमोर उभा राहिला. काठ त्यानं आता ओळखला होता.

"चुकलं माहं, सुभद्रा," तो म्हणाला.

झरोक्यातून खोलीतली ऊब आणि ओव्याचा वास त्याच्या तोंडावर आला. अडतीस वर्षं तिनं त्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. आजही दिलं नाही.