सेव्ह न केलेला नकाशा

जरा खाली वाका. अजून थोडं. संगणकाच्या डब्यावर ते मोठं, ऐटबाज बटण दिसतंय ना, ज्याने संगणक सुरू होतो? त्याच्या खाली मसुराच्या दाण्याएवढा काळा ठिपका आहे. तो मी बोलतोय, रीसेटचं बटण. बोट जाड असेल तर मला पेनाच्या टोकाने दाबावं लागतं.

कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला एकदाच दाबलं, ‘टक्’ ऐकलं आणि “चालतंय” म्हणाल्या. आयुष्यातलं माझं कौतुक तेवढंच. मग पाठीला दोन बारीक वायरी जोडून मला डब्यात बसवलं.

माझं काम एकच. पडद्यावरचा बाण हलेना, कीबोर्ड ऐकेना, संगणक पार अडून बसला की मला दाबायचं. वीज न तोडता मी त्याला पहिल्यापासून सुरू करतो. सेव्ह न केलेलं काम मात्र जातं, त्याला माझा इलाज नाही. मोठ्या बटणाला रोज सकाळी बोट लागतं. माझी आठवण फक्त अडचणीत, आणि तीही शिव्यांसकट. काम झालं की गरज सरो, वैद्य मरो.

मी आलो तो घरांचे नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांकडे. राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस होतं. शेजारीपाजारी त्यांना प्लॅनवाले काका म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी कागदावर नकाशे काढले होते आणि कागदाची एक सवय काही सुटली नव्हती. नकाशा पुरा झाल्याशिवाय त्यावर सही नाही, आणि सहीशिवाय तो कपाटात जाणार नाही. सेव्ह करणं म्हणजे त्यांच्या लेखी सही करणं. त्यामुळे सकाळी सुरू केलेला नकाशा संध्याकाळपर्यंत तसाच उघडा असायचा.

“बाबा, मध्ये मध्ये सेव्ह करत जा हो,” मुलगी म्हणायची.

“अर्धवट काम कपाटात ठेवायचं नसतं.”

“कपाट कुठंय इथे?”

“आहे. तुला दिसत नाही.”

मग संगणक अडला की काका पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मला खुपसायचे आणि ओरडायचे, “गिळलंस ना सगळं, मेल्या!” आतून काकूंचा आवाज यायचा, “त्या बटणावर काय ओरडताय? ते बिचारं काय करणार?” माझी बाजू घेणारं त्या घरात एवढंच एक माणूस.

अशी नऊ वर्षं गेली. कधी कधी तीन-तीन महिने मला कुणाचा स्पर्श नसायचा. धूळ बसायची. संगणक नीट चालतोय म्हणून सगळे खुशीत असायचे, आणि मी एकटा.

एका दुपारी पुन्हा बाण अडकला. काकांनी पेन्सिल माझ्यापर्यंत आणली आणि मागे घेतली. “थांबू या. येईल ताळ्यावर,” ते म्हणाले. ते आजवर असे कधी थांबले नव्हते. छातीत जड वाटतंय म्हणत ते आत जाऊन पडले. तिथून त्यांना दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी घरात खूप चपला आल्या, त्यांच्या आल्या नाहीत.

पडदा तसाच चालू राहिला. तीन आठवड्यांनी मुलीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. “काकू, रीसेट मारल्याशिवाय गत्यंतर नाही,” तो म्हणाला.

“आणि यांचा नकाशा?”

“सेव्ह नसेल तर जाईल.”

“मग हात लावू नकोस.”

तो गेल्यावर काकूंनी माझ्यावर चिकटपट्टी लावली. मला वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

वीज गेली की टेबलाखालची बॅटरी केकाटायची. काकू ओल्या हातांनी धावत यायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. ती बॅटरी संगणकाला पंधरा मिनिटंच चालू ठेवायची. एकदा वीज चौदाव्या मिनिटाला आली. त्या दिवशी काकू खुर्चीत बसून बराच वेळ रडल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला, पडद्यावर चिकटवला आणि पेन्सिलीने गिरवायला घेतलं. लग्नानंतर काही वर्षं त्या काकांचे नकाशे अशाच गिरवून द्यायच्या.

“आई, मी फोटो काढलाय ना.”

“तो तुझ्यासाठी. हे माझं.”

मला पडदा दिसत नाही. पेन्सिलीची खरखर तेवढी ऐकू येत होती. ती मध्येच थांबली.

“अगं, इथे खिडकी आहे.”

“कुठे?”

“ओट्यासमोर. आपल्याच नव्या घराचा प्लॅन आहे हा, आपण घेऊन ठेवलेल्या त्या रिकाम्या जागेवरचा. किती वर्षं मागे लागले होते मी. ‘त्या भिंतीत बसत नाही, डोकं खाऊ नकोस’ म्हणायचे. बसवलीये बघ.”

खरखर पुन्हा सुरू झाली आणि दुपारपर्यंत चालली. मग काकू जमिनीवर बसल्या आणि त्यांनी माझ्यावरची पट्टी सोलली.

“मी दाबू?” मुलीने विचारलं.

“नको. ते बिचारं काय करणार,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी बोट टेकवलं. इतक्या हळू मला कुणीच दाबलं नव्हतं. आणि जन्मात पहिल्यांदाच मला दबायचं नव्हतं. पण आम्हाला नाही म्हणता येत नाही. टक्. पडदा काळा झाला.

आता मी जुन्या घराच्या माळ्यावर आहे. वायरी काढल्यात, तुम्ही वळवेपर्यंत तोंड भिंतीकडे होतं. मला दाबलंत तर टक् होईल, सुरू काहीच होणार नाही. तुमचं बटण अजून जोडलेलं असेल तर काम अडल्यावर त्याला खुशाल दाबा, ते त्यासाठीच जन्मलंय. फक्त आधी सेव्ह करत जा.

मायलेकी त्यांच्या नव्या घरी राहायला गेल्या, एवढं खालच्या बोलण्यावरून कळलं. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्याने गेलंच, तर स्वयंपाकघराची भिंत तेवढी बघा. तिथे खिडकी आहे का, ते मला येऊन सांगा.