मामंजींनी मत दिलं तेव्हा

त्या शुक्रवारी पहाटे आमच्या किनाऱ्यापासून बोटीने दोन-अडीच तासांवर, समुद्रात क्षेपणास्त्र पडलं. आवाज कुणालाच आला नाही. रेडिओवर सांगितलं तेव्हा कळलं. दुपारपर्यंत गल्लीतल्या दुकानातला तांदूळ संपला होता.

कीलुंगजवळच्या आमच्या कोळीवाड्यातली, १९९६ च्या मार्चमधली ही गोष्ट. पंधरा दिवसांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, आणि तैवानच्या लोकांनी स्वतः मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडायची ही पहिलीच वेळ. तसं करायला आम्ही घाबरावं म्हणूनच सामुद्रधुनीपलीकडच्या मुख्यभूमीवरून क्षेपणास्त्रं येत होती, एवढं आम्हा अडाण्यांनाही समजत होतं. समुद्र बंद झाला. माझा नवरा चिन-तिंग बोट धक्क्याला बांधून घरात बसला आणि धड असलेली जाळीसुद्धा उसवून पुन्हा विणायला लागला.

उमेदवार चार होते. कुणाला मत द्यायचं, यावरून घराघरांत भांडणं चालली होती.

"जो पलीकडच्यांशी गोडीने बोलेल, त्याला," चिन-तिंग म्हणाला. "मला बोट बाहेर काढायचीय."

"गोडीने बोलून ते ऐकतात का?" मी म्हटलं. "आत्ता आहे तोच राष्ट्राध्यक्ष राहू दे. निदान घाबरून पळून तरी गेला नाही."

"शेजारच्या आजीने तर काल देवळात जाऊन समुद्राच्या माचोदेवीलाच विचारलं. कौल लावला म्हणे."

"मग? देवी काय म्हणाली?"

"काय म्हणणार? देवीचं नाव कुठे आहे मतदार यादीत?"

आम्ही दोघंही हसलो. मामंजी हसले नाहीत. ते रताळ्याची पेज समोर घेऊन बसले होते आणि ती निवून तिच्यावर साय आली होती.

मामंजींबद्दल सांगायला हवं. खो आबोक हे त्यांचं नाव. तेविसाव्या वर्षी ते शेजारच्या गावात शाळामास्तर होते. चार मित्र जमून पुस्तकं वाचायचे, तेवढ्यावरून लष्करी कायद्याखाली त्यांना भर वर्गातून उचललं. सात वर्षं ते दूरच्या एका छोट्या बेटावरच्या तुरुंगात होते. चार मित्रांपैकी दोघं परत आलेच नाहीत. सुटून आल्यावर मामंजींना मास्तरकी मिळाली नाही. आयुष्यभर त्यांनी मासळी सुकवली. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण हे सगळं मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं, मामंजींच्या तोंडून एक शब्द नाही.

आणि मग तांग. तांग आमचे वस्तीप्रमुख. मामंजी सुटून आले तेव्हापासून दर महिन्याला ते घरी येत, खुर्चीत बसून चहा पीत, कोण आलं-गेलं विचारत आणि वहीवर मामंजींची सही घेऊन जात. निवडणूक कसलीही असो, आदल्या दिवशी येऊन कुणाला मत द्यायचं तो नंबर सांगायचे. मामंजी मतपत्रिकेवर शिक्का मारून बाहेर येताना ती अर्धी उघडी धरायचे. दाराशी उभ्या तांगसाहेबांनी मान हलवली की मगच घडी घालून पेटीत टाकायचे. सह्यांची वही केव्हाच बंद झाली होती, लष्करी कायदाही उठून नऊ वर्षं झाली होती. पण मतपत्रिका अर्धी उघडी धरायचं मामंजींनी सोडलं नव्हतं.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी तांगसाहेब आले. आता तेही म्हातारे झाले होते, हातात काठी होती.

"आबोकदादा, उद्या थंडी आहे. अंगात जाड काहीतरी घाला," एवढं बोलून ते उठले.

मामंजी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. "तांगसाहेब, नंबर?"

"या वेळी तुमचं तुम्ही बघा."

तांगसाहेब गेले. मामंजी दाराची चौकट धरून उभेच राहिले. मी हाताला धरून त्यांना आत आणलं.

"बी-हा, हा सापळा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या वेळीही असंच म्हणाले होते. मोकळेपणाने बोला, म्हणाले होते. जे बोलले त्यांची यादी झाली."

"मामंजी, आता तसं नाही राहिलं."

"तुला काय माहीत? तू तेव्हा जन्मली नव्हतीस."

पडायचं असेल तर उद्या आमच्या डोक्यावरही क्षेपणास्त्र पडेल, आणि मी त्यांना सांगत होते की भिऊ नका.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं शाळेत गेलो. ओळखपत्र, स्वतःच्या नावाचा शिक्का, मतदानाची चिठ्ठी, सगळं मामंजींनी तीनदा तपासून घेतलं होतं. रांगेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आकाशात कुठेतरी विमान घरघरलं तर सगळी रांग मान वर करून बघायची.

चिन-तिंगचं झालं, माझं झालं. मामंजी पडद्याआड गेले आणि बाहेरच येईनात. पडद्याखाली त्यांचे बूट दिसत होते. बूट हलत नव्हते. मागचे लोक कुजबुजायला लागले.

"आजोबा, बरं वाटतंय ना?" टेबलाशी बसलेल्या बाईने विचारलं.

"होतंय, होतंय," आतून आवाज आला.

शेवटी ते बाहेर आले. या वेळी मतपत्रिका उघडी नव्हती. तिच्या घडीवर घडी, घडीवर घडी घालून त्यांनी ती सुपारीएवढी केली होती. ती पेटीच्या फटीतून आत जाईना. मामंजी अंगठ्याने दाबत होते, कपाळावर घाम आला होता. दाराशी काठी टेकून तांगसाहेब उभे होते आणि सगळं बघत होते. एकदाची ती आत पडली. मामंजी खाली मान घालून तांगसाहेबांच्या समोरून निघून आले. वाटभर त्यांनी माझी बाही सोडली नाही.

चार वाजता मतदान संपलं आणि त्याच वर्गात मोजणी सुरू झाली. आमच्याकडे मोजणी सगळ्यांसमोर होते: एकजण मतपत्रिका उघडून उंच धरतो, नाव ओरडतो, दुसरा फळ्यावर रेघ मारतो. मी खिडकीशी उभी होते. पाऊण तासाने मोजणाऱ्याच्या हाती ती सुपारी आली. तो उलगडतच राहिला.

"अरे, कुणी मोदक वळलाय हा?" तो म्हणाला, आणि वर्गात पहिल्यांदाच हशा पिकला.

मग त्याने ती उंच धरली. घड्यांच्या रेघांनी कागदावर चौकटीच चौकटी उमटल्या होत्या. शिक्का अगदी नीट, सरळ, मधोमध. पूर्वी राजकारणावरूनच पकडला गेलेला आणि पुढे देश सोडून पळालेला एक प्राध्यापक चार उमेदवारांत होता ना, त्याच्या नावावर.

कुणी ओळखू नये म्हणून घातलेल्या घड्या, आणि साऱ्या पेटीत ओळखू येईल असा तोच एक कागद. मी मान वळवली. समोरच्या खिडकीत तांगसाहेब होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फळ्याकडे.

मी घरी आल्यावर मामंजी विचारणारच होते, आणि त्यांनी विचारलं.

"माझं मत दिसलं?"

खोटं बोलायचं ठरवूनच आले होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघून जमलं नाही.

"दिसलं, मामंजी."

"तांगने पाहिलं?"

"हो."

"बरं," एवढंच ते म्हणाले. मग आतून जुनी कापडी पिशवी आणली. तीत टॉवेल, दात घासायचा ब्रश, लोकरी बंडी आणि पोटाच्या गोळ्या भरल्या. "मागच्या वेळी अंगावरच्या सदऱ्यानिशी नेलं होतं," ते म्हणाले. "बेटावर फार वारा असतो."

रविवारी सकाळपासून ते पिशवी मांडीवर घेऊन दारातल्या स्टुलावर बसले. आदल्या संध्याकाळीच निकाल लागला होता. त्यांचा प्राध्यापक पडला होता, माझा उमेदवार निवडून आला होता, पण घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. चिन-तिंग त्यांच्यावर ओरडला, मग विनवण्या केल्या, मग स्वतःच शेजारी जाऊन बसला. गल्लीत मोटार वळली की मामंजी उठून उभे राहायचे. सोमवार गेला. सोमवारीच पलीकडचा युद्धसराव संपल्याचं रेडिओने सांगितलं. मंगळवारी चिन-तिंग बोट घेऊन बाहेर पडला, आणि मला कळेना मी कुणाची वाट बघतेय: त्याच्या परतण्याची, की मामंजींना न्यायला येणाऱ्यांची.

त्या दुपारी काठीचा आवाज आला. तांगसाहेब. मामंजी पिशवी घेऊन उभे राहिले. माझ्या हातातली सुरी मासळीतच राहिली.

"कुठे निघालात, आबोकदादा?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मामंजींनी तांगसाहेबांना जाब विचारला. "तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग कुणाला कळवलंत?"

तांगसाहेब स्टुलावर टेकले.

"कुणाला कळवणार?" ते म्हणाले. "मला विचारायला आता कुणी येत नाही."

त्यात सुटका होती की पश्चात्ताप, की नुसता म्हाताऱ्या माणसाचा एकटेपणा, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी चहा मागितला नाही, मीही विचारला नाही. थोड्या वेळाने उठून ते गेले.

मामंजी बराच वेळ गल्लीच्या टोकाकडे बघत होते. मग पिशवीतून बंडी काढून त्यांनी अंगात घातली, कारण वारा सुटला होता, आणि मला म्हणाले, "पेज आहे का गं काही? भूक लागलीय."