वाटीतला शेंदूर

वेणू गेल्याचं नवसूला कळलं तेव्हा त्याचा उजवा हात शेंदराने माखलेला होता. सोनिवलीच्या माळावर पाड्याचा देव चेडोबा, त्याच्या दगडापुढे बसून तो वाटीत शेंदूर आणि तेल कालवत होता. उल्हासनगरच्या दवाखान्यात खाटेवर पडलेल्या बायकोने, वेणूनेच, त्याला सकाळी पिटाळलं होतं. "आपली रुचिका बाळंतपणातून सुखरूप सुटली. नवस मी बोललेली, पण फेडा तुमी. माझी वाट बघू नका."

फोन वाजला. त्याने डाव्या हाताने उचलला. पुतण्या संदीप होता. "काका, काकू गेली."

सुतक कळल्यापासून लागतं. आधी शेंदूर लावून मग फोन घेतला असता तर नवस फिटला असता. नवसू वाटी घेऊन उठला आणि मागे सरत पत्र्याच्या कुंपणाबाहेर आला.

माळावर टॉवर व्हायचे होते. पाया खणताना जुन्या विटांची भिंत लागली, म्हणून बांधकामाआधी पुरातत्त्वाची माणसं आली. दोऱ्या बांधून चौकोनी खड्डे घेत घेत ती चेडोबापाशी पोचली होती. तो दगड अंबरनाथ पूर्वेला, जुन्या तळ्याच्या बागेत न्यायचा होता. ती बाग नव्याने उभी करत होते. खोदकामावरच्या मीनल मॅडमने शब्द दिला होता, नवस फिटेपर्यंत दगड हलणार नाही.

चार दिवसांनी मीनल नवसूच्या ओटीवर येऊन बसली. सोबत बिल्डरचा सुपरवायझर उन्मेष.

"काका, उद्या क्रेन येतेय. मला थांबवता नाही आली. आज उरकून घ्या."

"मना सुतक हाय."

"मग संदीप?"

"त्यालाबी. अख्ख्या भावकीला हाय."

"म्हणजे पूरा पाडा लॉकडाउन?" उन्मेष हसला.

"शेठ, तुमच्या घरात मयत झाली तर त्या दिवशी भूमिपूजन करता का?" संदीप म्हणाला. उन्मेष मोबाइलमध्ये बघायला लागला.

"मीच लावते मग, काका," मीनल म्हणाली.

"नवस घरच्या हातानं फिटतो, बाय."

आतून रुचिकाचा आवाज आला. "बाबा, लेकीला तीनच दिस सुतक. मी लावते. आई माझ्यासाठीच बोललेली ना?"

नवसूने वळून पाहिलं. तिच्या मांडीवर तान्ही झोपली होती. बाळंतपणाचा सव्वा महिना व्हायचा होता. तोवर तिलाही देवाला शिवता येत नव्हतं. बापाची नजर कुठे गेली ते रुचिकाने पाहिलं आणि पोरीवरची गोधडी नीट केली.

दुसऱ्या दिवशी नवसू कुंपणाच्या फटीतून बघत उभा राहिला. दगडाला पट्टे आवळले. क्रेनने ओढ घेतली तसा वर्षानुवर्षांचा शेंदूर तडकला आणि करवंटीसारखा एकसंध सुटून खाली पडला. आतून घोड्यावरचा माणूस निघाला, हातात तलवार. सगळे तिकडे धावले. कुणीतरी शिटी मारली.

नवसू त्या खपलीकडे बघत होता. तिचा वरचा थर वेणूने गेल्या दिवाळीला चढवलेला होता. वेणूची बोटं फिरली होती तिथे वळ होते.

मीनलने खपली दोन्ही हातांनी उचलून कुंपणापाशी आणली. "काका, ही तुम्ही ठेवा."

नवसूचे हात पुढे झाले आणि तसेच थांबले. "आज नाय घेता येत," तो म्हणाला. मग मीनलने खपली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली आणि पुरातत्त्वाची गाडी ती घेऊन पुण्याला गेली.

बारावं झालं. केस उतरवलेला नवसू वाटी फडक्यात बांधून बागेत गेला. नव्या चौथऱ्यावर चेडोबा उभा होता, धुऊन काळा केलेला. भोवती लोखंडी कठडा, त्याला पाटी: हात लावू नये.

"शेंदूर नाय चालत, बाबा," वॉचमन भगवान म्हणाला. "पायजे तर लांबून पाया पडा."

"हा आमचा देव हाय."

"असंल. पण माझी नोकरी जाईल ना."

नवसूने मीनलला फोन लावला. ती म्हणाली, "काका, दगड आता बागेच्या ताब्यात आहे. खपली मी पुण्याहून परत मागून बघते." आवाज खरा होता, पण खाली गेलेला.

तो कठड्याबाहेर बसून राहिला. बाग बंद व्हायची वेळ झाली तेव्हा भगवानने त्याला दंडाला धरून उठवलं.

वाटी घरी फळीवर आहे. शेंदूर वाळून त्याला भेगा पडल्या आहेत. रुचिकाची पोरगी आता बसायला लागली आहे. वेणूचा नवस फेडायचा राहिला आहे.