चेहरा तोच, नाव दुसरं

मी पासपोर्ट आकाराचा एक फोटो बोलतो आहे. माझ्या कडांवर तारखेचे सहा जांभळे शिक्के आहेत आणि त्यांतला एकही मी पुसू दिलेला नाही.

माझा जन्म खोपोलीतल्या एका स्टुडिओत झाला. खालापूरजवळच्या कारखान्यात पॅकिंगला लागताना तेजश्रीने कंत्राटदाराच्या गेटपाससाठी मला काढून घेतलं. तिला कायम काम हवं होतं. मिळालं सात महिन्यांचं. सलग सेवा भरून तिला कायम करावं लागू नये म्हणून मग ‘ब्रेक’, पंधरा दिवस घरी, आणि पुन्हा नवा पास. एकदा माहेरच्या नावाने, तेजश्री ठोंबरे. पुढच्या खेपेस सासरच्या, तेजश्री मुंढे. कागदावर दोन बायका, कामावर एकच.

कंत्राटदाराचा कारकून स्वप्नील आळशी होता. “नवा फोटो कशाला, ताई? चेहरा तोच हाय ना,” म्हणत तो मला जुन्या पासावरून सोलून नव्यावर डकवी. शिक्का अर्धा पासावर, अर्धा माझ्यावर. जुने पास त्याने फाडले. मला मात्र दर वेळी जपलं.

ब्रेकआधी राजीनामा लागे. तो लिही तिचा नवरा अनुपम, त्याच कारखान्यातला कायम फिटर. कारण ठरलेलं: घरगुती अडचण.

“सही कर गं. माजी नोकरी पक्की हाय ना,” तो म्हणे.

“तुमची पक्की म्हणून माजी कच्ची ठेवायची?”

“सायबाला नाय कसं म्हणू?”

“मला म्हणता तसं.”

तिने सही केली. मी तिच्या गळ्यातल्या पासावर होतो; सगळं पाहत होतो.

सहाव्या खेपेस तिने पास परत केलाच नाही. कामगार कार्यालयात तक्रार केली.

सुनावणीत कंत्राटदाराने लेखी दिलं की ठोंबरे आणि मुंढे या निराळ्या स्त्रिया आहेत. साक्षीला त्याने अनुपमलाच आणलं होतं. अधिकारी बाईंनी भिंगातून माझे शिक्के वाचले, तीन वर्षांहून जास्त काळाचे. मग दोन नावांचे दोन राजीनामे अनुपमपुढे सरकवले.

“अक्षर तुमचं?”

“हो.”

“या दोघींच्या घरगुती अडचणी तुम्हालाच कशा ठाऊक? आणि यांतली तुमची पत्नी कोणती?”

अनुपमने कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदार खिडकीबाहेर पाहत होता.

“एकच बाई हाय,” अनुपम अखेर म्हणाला.

बाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं. दाराशी तेजश्री त्याला शांतपणे म्हणाली, “घरी चला. रातच्याला कुनी वाढायचं ते वाटंत ठरवा. ठोंबरेबाईंनी का मुंढेबाईंनी?”

वाचकहो, मला आता फाईलीला टाचलं आहे. टाचणी कपाळातून गेली आहे. त्याचं मला काही नाही. निकाल लागेपर्यंत मला सुटू देऊ नका, आणि कंत्राटदार नि अनुपम या दोघांनाही.